रात्रभर चाललेला वर्ग

महाविद्यालयांनी जगाचे प्रश्न लोकांपर्यंत न्यावेत, याबद्दल आपल्याकडे कोणाचे दुमत नाही. ज्याबद्दल दुमत नसते ते काम बहुधा कोणी तपासूनही पाहत नाही. मार्चमध्ये जलदिन, जूनमध्ये पर्यावरण दिन, जुलैत लोकसंख्या दिन, सप्टेंबरात ओझोन दिन आणि डिसेंबरच्या पहिल्या तारखेला एड्स दिन. प्रत्येक दिवसाला एक फेरी, एक फलक, एक पाहुणा, एक शपथ आणि एक छायाचित्र. हल्ली छायाचित्रावर अक्षांश-रेखांशही उमटलेले लागतात, कारण पुढे ते महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या समितीला दाखवायचे असते आणि विस्तारकार्याला तिथे गुण आहेत. नव्या शैक्षणिक धोरणात समाजसहभागाच्या प्रकल्पाला श्रेयांकही आले. म्हणजे कामाला मान आहे, गुण आहेत, कागद आहेत. त्यातून लोकांच्या पदरात काय पडते आणि लोकांकडून महाविद्यालय काय शिकते, हे मात्र अहवालाच्या कुठल्याच रकान्यात मावत नाही.

या पुस्तकातले लेख त्याच प्रश्नाभोवती फिरतात. लिहिणाऱ्यांचे अनुभव त्यांच्या शब्दांत पुढे येतीलच. माझ्याकडे काम आहे ते त्याआधीची वाट दाखवण्याचे. ही वाट बरीच मागे, आणि बरीच लांबच्या एका गावात जाते. पण तिथे काय घडले ते ठाऊक असले, तर आपल्या कार्यक्रमांतून काय गळून पडले आहे ते चटकन लक्षात येते.

१९६५चा मार्च महिना. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन आदल्या नोव्हेंबरात शांततेची भाषा करत प्रचंड बहुमताने निवडून आले होते. २ मार्चला उत्तर व्हिएतनामवर नियमित बाँबहल्ले सुरू झाले आणि ८ मार्चला मरीन सैनिक दा नांगच्या किनाऱ्यावर उतरले. ॲन आर्बर या गावातल्या मिशिगन विद्यापीठात काही तरुण प्राध्यापक होते. ज्याला मत दिले त्यानेच हे करावे, याने ते चिडले. त्यांनी ठरवले की एक दिवस वर्ग बंद ठेवायचे आणि त्या वेळात विद्यार्थ्यांशी, गावकऱ्यांशी व्हिएतनामबद्दल बोलायचे.

यावर गदारोळ झाला. राज्याच्या विधिमंडळात निषेध झाला, गव्हर्नर जॉर्ज रॉम्नी यांनी कानउघाडणी केली, विद्यापीठाचे प्रमुख नाराज झाले. युद्धाला विरोध असलेल्या काही सहकाऱ्यांनाही विद्यार्थ्यांचा तास बुडवणे पटेना. मग एका रात्री लांबलेल्या बैठकीत मानववंशशास्त्राचे प्राध्यापक मार्शल साहलिन्स यांनी तोडगा काढला. आपण शिक्षक म्हणून जबाबदारी टाळतो असे लोक म्हणतात ना, मग दिवसाचे तास नेहमीप्रमाणे घेऊ आणि त्यानंतर रात्रभर शिकवू. त्या काळी कृष्णवर्णीयांच्या चळवळीतली ‘सिट-इन’ धरणी सगळ्यांच्या तोंडी होती, त्या चालीवर या प्रकाराला ‘टीच-इन’ हे नाव पडले. पुढे आदिम समाजांच्या अर्थव्यवहारावर लिहून साहलिन्स जगभर नावाजले गेले.

बैठकीतल्या कडव्या मंडळींना हा तोडगा म्हणजे माघार वाटली. माझे मत उलटे आहे. संप झाला असता तर प्राध्यापकांनी आपले म्हणणे जाहीर केले असते आणि लोकांनी ते मान्य किंवा अमान्य केले असते. रात्रीच्या वर्गामुळे लोकांना बोलायला जागा मिळाली. शिवाय तास बुडत नाहीत म्हटल्यावर, आधी सही करायला कचरणारे कितीतरी जण पुढे आले. काही डझनांवर अडलेली प्राध्यापकांची यादी दोनशेच्या वर गेली.

२४ मार्चच्या संध्याकाळी आठ वाजता एंजल हॉल या इमारतीच्या सभागृहांत कार्यक्रम सुरू झाला आणि तो २५च्या सकाळी आठपर्यंत चालला. तीन हजारांहून अधिक माणसे आली. मुलींच्या वसतिगृहांना तेव्हा रात्री ठरल्या वेळेला कुलूप लागे. त्या रात्रीपुरती विद्यापीठाने सूट दिली. (आपल्याकडच्या कितीतरी वसतिगृहांबद्दल हे वाक्य आजही वर्तमानकाळात लिहिता येईल.) आधी भाषणे झाली. व्हिएतनाममध्ये अमेरिकी मदतकार्यात काम केलेले अर्थतज्ज्ञ रॉबर्ट ब्राउन तिथे काय पाहिले ते सांगायला आले होते. मध्येच बाँब ठेवल्याच्या धमक्या आल्या आणि पोलिसांनी सभागृहे रिकामी करायला लावली. बाहेर कडाक्याची थंडी होती. लोक घरी गेले नाहीत. विद्यापीठाच्या चौकात उभे राहून त्यांनी सभा तशीच पुढे चालवली. युद्धाच्या बाजूचे फलक घेऊन आलेले विद्यार्थीही तिथेच होते आणि तेही वाद घालत होते. मध्यरात्रीनंतर छोटे छोटे गट पडले आणि पहाटेपर्यंत चर्चा चालली. ज्यांच्या हातात परीक्षेचे गुण असतात ते प्राध्यापक मुलांशेजारी बसून प्रश्न ऐकत होते, आणि काही प्रश्नांवर त्यांच्याकडेही उत्तर नव्हते.

उत्तर असणार तरी कुठून? पुढाकार घेणाऱ्यांत साहलिन्स आणि एरिक वुल्फ मानववंशशास्त्राचे, विल्यम गॅमसन समाजशास्त्राचे, केनेथ बोल्डिंग अर्थशास्त्राचे, अनातोल रॅपोपोर्ट गणिताचे. व्हिएतनामचा तज्ज्ञ म्हणावा असा आयोजकांत कोणी नव्हता. त्या देशाचा इतिहास, फ्रेंचांची तिथली राजवट, १९५४चा जिनिव्हा करार हे सारे त्यांनाही नव्याने वाचावे लागले. लोकांना जागे करायला निघालेल्यांना आधी स्वतः अभ्यासाला बसावे लागले, ही त्या कार्यक्रमाची सगळ्यात मोठी कमाई होती असे मला वाटते. आपल्याकडे उलट, विषय ‘जनजागृती’चा म्हटला की वक्त्याला तयारी लागत नाही असा एक समज रुजला आहे.

दोन दिवसांत न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात असाच कार्यक्रम झाला. वर्ष संपेपर्यंत शंभरावर ठिकाणी लोण पोहोचले. सरकारला दखल घ्यावी लागली. परराष्ट्र खात्याने आपले अधिकारी विद्यापीठांमध्ये बाजू मांडायला पाठवले. १५ मे रोजी वॉशिंग्टनमध्ये राष्ट्रीय पातळीवरचा टीच-इन ठरला, त्यात राष्ट्राध्यक्षांचे सुरक्षा सल्लागार मॅकजॉर्ज बंडी वाद घालायला येणार होते. ऐन वेळी जॉन्सन यांनी त्यांना डोमिनिकन प्रजासत्ताकात धाडले आणि बंडींचे फक्त निवेदन वाचून दाखवण्यात आले. तरी ती चर्चा दूरध्वनीच्या तारांवरून शंभरावर महाविद्यालयांत ऐकली गेली. महिन्याभराने बंडी दूरचित्रवाणीवर युद्धाचे टीकाकार प्राध्यापक हान्स मॉर्गेनथाऊ यांच्यासमोर बसले. गावच्या विद्यापीठातली एक रात्र तीन महिन्यांत सरकारला चर्चेच्या टेबलापर्यंत घेऊन आली.

या प्रकाराचे दोषही लपवायचे कारण नाही. आयोजक उघडपणे एका बाजूचे होते, सरकारी बाजूला पुष्कळ ठिकाणी जेमतेम वेळ मिळाला. मेच्या अखेरीस बर्कलीला जे झाले ते वर्गापेक्षा मेळाव्याच्या वळणावर गेले. पुढे चळवळ तापली तसा रात्रभर बसून ऐकण्याचा धीरही आटला. युद्ध थांबायला १९७५ उजाडले.

पण कल्पना टिकली, आणि ती दुसऱ्याच विषयात उगवली. जानेवारी १९६९मध्ये कॅलिफोर्नियात सांता बार्बराच्या किनाऱ्याजवळ तेलविहीर फुटली आणि मैलोगणती समुद्र काळा झाला. विस्कॉन्सिनचे सिनेटर गेलॉर्ड नेल्सन यांनी तो किनारा पाहिला. प्रवासात टीच-इनबद्दलचा मजकूर त्यांच्या वाचनात आला आणि पर्यावरणासाठी असेच देशभर का करू नये, असे त्यांच्या मनात आले. २० सप्टेंबर १९६९ रोजी सिॲटलच्या भाषणात त्यांनी ते जाहीर केले. तारीख २२ एप्रिल ठरली, कारण तेव्हा महाविद्यालयांची वसंतातली सुटी संपलेली असते आणि परीक्षा सुरू व्हायच्या असतात.

ॲन आर्बरला तेवढाही धीर नव्हता. तिथल्या विद्यार्थ्यांनी मार्च १९७०मध्येच चार दिवसांचा कार्यक्रम केला. उद्‌घाटनाला १४ हजारांच्या आसपास लोक जमले. जीवशास्त्रज्ञ बॅरी कॉमनर बोलले, गाणी झाली. पण लोकांच्या लक्षात राहिला तो एक खटला. १९५९ सालची एक फोर्ड मोटार विद्यापीठाच्या चौकात आरोपी म्हणून उभी केली. आरोप हवा नासवल्याचा आणि माणसे मारल्याचा. साक्षी झाल्या, मोटार दोषी ठरली आणि घणांनी ठोकून तिला देहदंड देण्यात आला. मोटारींची राजधानी डेट्रॉइट तिथून तासाभरावर. श्रोत्यांपैकी कित्येकांच्या घरची चूल मोटार कारखान्याच्या पगारावर पेटत असणार. पथनाट्य म्हणजे काय हे शिकवायचे झाले तर मी हे उदाहरण देईन. प्रेक्षकाला आधीच मान्य असलेले वाक्य त्याला ऐकवण्यात नाट्य नसते. त्याच्या पोटावर येणारा आरोप त्याच्याच अंगणात मांडला, तेव्हा तो थांबून ऐकतो.

२२ एप्रिलला, म्हणजे पहिल्या वसुंधरा दिनी, देशभरात सुमारे २ कोटी लोक कुठल्या ना कुठल्या कार्यक्रमाला गेले. नेल्सन यांनी आणि त्यांनी नेमलेल्या डेनिस हेज या तरुणाने मध्यवर्ती कार्यालयातून आराखडा लादला नाही. कुठे नदी, कुठे कारखान्याचा धूर, कुठे कीटकनाशके, ज्या गावाला जे टोचत होते ते त्या गावाने घेतले. इतिहासकार ॲडम रोम यांनी या दिवसावर २०१३मध्ये पुस्तक लिहिले. त्यांचे लक्ष गर्दीपेक्षा वक्त्यांकडे आहे. हजारो स्थानिक माणसे त्या दिवशी बोलली, त्यांतली अनेक या विषयावर पहिल्यांदाच, आणि त्या तयारीने ती पुढे कायमची या कामात ओढली गेली. त्याच वर्षी डिसेंबरात अमेरिकेत पर्यावरण संरक्षणाचे केंद्रीय खाते उभे राहिले.

आता तारखांची गंमत बघा. नेल्सन यांनी सिॲटलमध्ये घोषणा केली त्यानंतर चौथ्या दिवशी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, आपले शिक्षणमंत्री डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी राष्ट्रीय सेवा योजना सुरू केली. ते गांधी शताब्दीचे वर्ष होते. ३७ विद्यापीठे आणि ४० हजार विद्यार्थी एवढ्यावर सुरुवात झाली. दोन्ही कल्पना विद्यार्थ्याला वर्गाबाहेर काढणाऱ्या, पण प्रकृती निराळी. तिकडे गाभा होता वादाचा, इकडे सेवेचा. या योजनेच्या स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास काम करायचे आणि एकदा सात दिवसांच्या शिबिराला जायचे. हात मळले पाहिजेत, हा आग्रह गांधींकडून आलेला, आणि तो योग्यच होता.

शिबिर ज्याने केले आहे त्याला त्याचा दिनक्रम पाठ असतो. मुक्काम जिल्हा परिषदेच्या शाळेत, पहाटे प्रभातफेरी, न्याहारीला पोहे, मग श्रमदान. बंधारा, शोषखड्डे, मंदिराच्या आवाराची साफसफाई. दुपारी जेवण आणि जेवणानंतर बौद्धिक सत्र. जगाचे प्रश्न येतात ते या सत्रात. सकाळी चार तास घमेली उचललेली मुले सतरंजीवर बसून पेंगत असतात, पाहुणे ‘जागतिक तापमानवाढ : काळाची गरज’ अशा विषयावर बोलत असतात (असे शीर्षक मी फलकावर खरोखर वाचले आहे), आणि गावातले दोन-चार जण पहिल्या रांगेतल्या खुर्च्यांवर सत्काराची वाट पाहत असतात. आभारप्रदर्शनाला वेळ असतो, प्रश्नोत्तरांना नसतो. सेवा करायची म्हटले की समोरचा गरजू ठरतो आणि गरजूने प्रश्न विचारायचे नसतात, असे काहीसे नकळत होऊन बसते.

तरी याच योजनेत एकदा वेगळे घडले, आणि ते एड्समुळे. भारतात एचआयव्हीचा पहिला पुरावा १९८६ साली मिळाला तोही एका विद्यार्थिनीच्या प्रबंधातून. चेन्नईच्या मद्रास मेडिकल कॉलेजात सेल्लप्पन निर्मला पदव्युत्तर अभ्यास करत होत्या. त्यांच्या प्राध्यापिका डॉ. सुनीती सॉलोमन यांनी हा विषय सुचवला. डॉ. सुनीती माहेरच्या गायतोंडे, चेन्नईत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातल्या. निर्मला यांनी देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या रक्ताचे नमुने गोळा केले आणि तपासणीसाठी वेल्लोरला नेले. सहा नमुने बाधित निघाले. हा आजार परदेशातला, आपल्या संस्कृतीत तो येणार नाही, असे मानणाऱ्या देशाला तो मोठा धक्का होता. जगाचा प्रश्न आपल्या दारात आला आहे, हे एका महाविद्यालयाने देशाला दाखवून दिले. पुढे डॉ. सॉलोमन यांनी वडिलांच्या नावाने, वाय. आर. गायतोंडे केंद्र म्हणून, एड्सच्या उपचाराची आणि संशोधनाची संस्था उभारली.

१९९१मध्ये राष्ट्रीय सेवा योजनेने विद्यापीठांमधून एड्सबद्दल बोलण्याचा कार्यक्रम हाती घेतला. त्याच्या इंग्रजी नावातच ‘विद्यापीठे एड्सवर बोलतात’ असा अर्थ होता. महाराष्ट्र तेव्हा जास्त लागण असलेल्या राज्यांत मोडत होता, त्यामुळे इथे हे काम नुसत्या शपथेवर भागण्यासारखे नव्हते. कार्यक्रम अधिकारी म्हणजे कोणी मराठीचा, कोणी वाणिज्याचा प्राध्यापक. निरोध हा शब्द त्याने जन्मात जाहीरपणे उच्चारलेला नसायचा. तो आता मुलामुलींसमोर आणि मग गावासमोर उच्चारायचा होता. अशा सत्रांत नाव न लिहिता चिठ्ठीवर प्रश्न विचारायची सोय असे. त्या चिठ्ठ्यांनी सगळे बदलले. डास चावून होतो का, न्हाव्याच्या वस्तऱ्याने होतो का, बाधित बाईने मूल होऊ द्यावे का, लग्नाआधी मुलाची तपासणी मागितली तर सोयरीक मोडेल का. यातल्या अर्ध्या प्रश्नांना छापील पुस्तिकेत उत्तर नव्हते. प्राध्यापकाला डॉक्टरकडे जाऊन विचारून यावे लागे. ॲन आर्बरच्या प्राध्यापकांसारखाच तोही अभ्यासाला लागला. एड्स ओसरत गेला तशी ही सवयही ओसरली आणि १ डिसेंबरला लाल फितीची मानवी साखळी तेवढी उरली.

गावाला जगाचे काय कळते, असे मनातल्या मनात धरून चालणाऱ्यांसाठी एक उदाहरण देतो. २०१० साली युरोपात गेलेली आपली द्राक्षे अडकली. क्लोरमेक्वाट क्लोराईड या संजीवकाचे अंश त्यांत मर्यादेपेक्षा जास्त निघाले होते. त्यानंतर नाशिक जिल्ह्यातल्या द्राक्षबागायतदाराला युरोपीय संघाचे नियम, प्रयोगशाळेचे अहवाल आणि ‘रेसिड्यू’ हा शब्द कोणाला शिकवावा लागला नाही. कांदा उत्पादकाला श्रीलंकेत काय चालले आहे आणि बांगलादेशाने आयात कधी उघडली हे प्राध्यापकाच्या आधी कळते, कारण लासलगावचा भाव त्यावर हलतो. युक्रेनमध्ये युद्ध पेटले तेव्हा खताचे आणि सूर्यफूल तेलाचे भाव घरोघर बोलले जात होते. अशा गावात अर्थशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाची मुले ‘जागतिकीकरण समजून घ्या’ असा फलक घेऊन फेरी काढतात, तेव्हा गावकरी सभ्यपणे वाट देतात. तिथे मुलांनी वही घेऊन बसायला हवे. मग त्यांच्याकडे असलेली गोष्ट, म्हणजे एखाद्या कराराचा मजकूर वाचून सोपा करून सांगण्याची ताकद, गावाच्या खरोखर उपयोगी पडेल.

आपल्याकडे यासाठी नवे काही आणायला नको. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५मध्ये पुण्यात सुरू केलेल्या वसंत व्याख्यानमालेपासून जाहीर व्याख्यानाची सवय महाराष्ट्राला आहे. पुणे विद्यापीठाचे बहिःशाल शिक्षण मंडळ पहिल्या कुलगुरूंच्या, बॅरिस्टर जयकरांच्या, नावाची व्याख्यानमाला वर्षानुवर्षे खेडोपाडी घेत आले आहे. चांगला वक्ता एसटीने आडगावी जातो, शाळेच्या पटांगणात तास-दीड तास बोलतो, परतीची गाडी पकडतो. कमतरता आहे ती त्यापुढच्या, प्रश्नोत्तरांच्या तासाची. अध्यक्षीय समारोपाची प्रथा थोडी आवरली तरी तो तास निघतो. विरुद्ध मताचा दुसरा वक्ता बोलावणे मात्र सोपे नाही. त्यात प्राचार्यांना धोका दिसतो, संस्थाचालकांना त्याहून जास्त, आणि आजच्या हवेत त्यांची भीती अगदीच निराधार आहे असे मी म्हणणार नाही. मिशिगनच्या प्राध्यापकांवरही विधिमंडळाचा रोख होताच. त्यांनी दिवसाचे तास चुकवले नाहीत, सभागृह रीतसर मागून घेतले आणि विरोधकांना आत येऊ दिले. ही युक्ती आपल्या कुठल्याही महाविद्यालयाला परवडण्याजोगी आहे.

पुढच्या लेखांत काही प्रयोग असे भेटतील ज्यांत गर्दी जमली नाही आणि लेखकांनी ते सरळ सांगितले आहे. ते आधी वाचावेत असे मी सुचवेन. कार्यक्रम अधिकाऱ्यांना माझी विनंती एवढीच, की अहवालाच्या छापील नमुन्यात उपस्थितीच्या आकड्याखाली एक रकाना हाताने आखून घ्यावा आणि त्यात गावाने विचारलेले प्रश्न, जसे विचारले त्याच शब्दांत, उतरवावेत. पहिल्या वर्षी तो बहुधा कोरा राहील किंवा त्यात रस्त्याची आणि नळाची तक्रार येईल. तीही लिहावी. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी कोणीतरी विचारेल की बांबू लावला तर कार्बनचे पैसे मिळतात म्हणतात, ते नेमके कोण देते, कशासाठी देते आणि करारावर सही कोणाची लागते. त्याचे उत्तर त्या संध्याकाळी येत नसेल तर तसे सांगून, पुढच्या भेटीची तारीख तिथेच ठरवून निघावे.